वजन उतरल्यावर थांबायचं कुठे? टिकणारं लक्ष्य-वजन कसं ठरवावं

वजन उतरू लागलं की पुढचा आकडा खुणावतो. पंचाहत्तर झालं, आता सत्तर. सत्तर झालं, मग पासष्ट का नको? मनातला आकडा बहुतेक वेळा जुन्या फोटोतून, घट्ट झालेल्या कपड्यांवरून किंवा भिंतीवरच्या तक्त्यातून आलेला असतो. ज्या खाण्यावर आणि ज्या हालचालीवर तुम्ही वर्षानुवर्षं राहू शकाल, त्यावर जे वजन आपोआप स्थिर राहतं, ते तुमचं लक्ष्य-वजन. ते आधी ठरवून मिळत नाही, तपासत तपासत सापडतं.

आधी मर्यादा आखा

उंची मीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करा आणि किलोमधल्या वजनाला त्याने भागा. हा झाला बीएमआय. जागतिक आरोग्य संघटनेनुसार १८.५ ते २४.९ हा निरोगी टप्पा. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका कमी वजनापासूनच वाढू लागतो, म्हणून त्यांच्यासाठी २३ ला सावधगिरीची रेषा मानतात.

उदाहरणार्थ, उंची १६५ सेंमी असेल तर १.६५ चा वर्ग २.७२. मग १८.५ म्हणजे साधारण ५० किलो, २३ म्हणजे ६२-६३ किलो आणि २५ म्हणजे ६८ किलो. खालची रेषा ओलांडायची नाही, हे पक्कं. वरच्या रेषेखाली मात्र प्रत्येकाला जावंच लागतं असं नाही. बीएमआयला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, आणि साठी-पासष्टीनंतर थोडं जास्त वजन अपायकारक ठरतंच असंही नाही. त्या वयात स्नायू गमावणं जास्त महागात पडतं.

टेप आणि तपासण्या काय सांगतात ते पाहा

कंबरेचा घेर सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर मोजा. टेप त्वचेला टेकावी, रुतू नये. घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा. १६५ सेंमी उंचीला ८२ सेंमीच्या आत. वजन तसंच राहून कंबर उतरत असेल, तर पोटातली चरबी कमी होते आहे. त्याचा फायदा काट्यावर दिसत नाही.

रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉल आणि इतर चरबीची तपासणी) करून घ्या, पण वजन महिना-दीड महिना स्थिर राहिल्यावर. वजन झपाट्याने उतरत असताना कोलेस्टेरॉल तात्पुरतं चढलेलं दिसू शकतं, आणि एचबीए१सी रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं.

मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तरी साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) यांत बराच फरक पडतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात वजन ७ टक्के उतरवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायामाचं उद्दिष्ट होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ८४ किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे जेमतेम ६ किलो. तेव्हा ८४ वरून ७३ वर आलेल्या, तपासण्या उत्तम असलेल्या माणसाने तक्त्यातल्या ६२ साठी हट्ट धरण्याआधी त्या पुढच्या ११ किलोंनी नेमकं काय साधणार आहे, हे स्वतःला विचारावं.

आता थांबून पाहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच गणित बिघडतं. वजन उतरत असताना तुम्ही गरजेपेक्षा कमी खात असता, त्यामुळे त्या काट्यावरून टिकणारं वजन कळत नाही.

रोजच्या खाण्यात १०० ते २०० कॅलरी वाढवा. दोन आठवडे तसंच ठेवा, सरासरी वजन पाहा. अजून उतरत असेल तर पुन्हा तेवढंच वाढवा. वजन रोज सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर करा आणि सात दिवसांची सरासरी काढा. एका दिवसाचा आकडा मीठ, बद्धकोष्ठता, पाळी यांमुळे सहज किलोभर हलतो.

पहिल्या आठवड्यात एक-दोन किलो वाढलेले दिसले तर घाबरू नका. यकृतात आणि स्नायूंत साठणारी साखर, म्हणजे ग्लायकोजेन, आपल्याबरोबर सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवते. ही वाढ चरबीची नसते. हीच वाढ पाहून लोक पुन्हा उपाशी राहू लागतात आणि चक्र सुरू होतं.

भूक मात्र खरोखरच वाढलेली असते. वजन उतरल्यावर भूक शमवणारं संप्रेरक लेप्टिन घटतं, भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, आणि हा बदल वर्षभरानंतरही टिकून असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. शिवाय हलकं शरीर चालता-फिरतानाही कमी ऊर्जा वापरतं. जितकं खाली जाल तितकी ही ओढ वाढते, म्हणून प्रत्येक पुढचा किलो टिकवायला जास्त कष्ट लागतात. यात मनाचा कमकुवतपणा शोधू नका.

या काळात आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम करा आणि वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं घ्या (मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). उतरलेल्या वजनातला पाव हिस्साही स्नायूंचा असू शकतो, तो परत मिळवायचा आहे. असे तीन महिने घालवा.

शरीर नको म्हणतंय का?

सतत थंडी वाजणं, उठताना चक्कर, पाळी अनियमित होणं किंवा थांबणं, झोप मोडणं, चिडचिड, व्यायामातली ताकद घटणं आणि दिवसभर डोक्यात खाण्याचेच विचार. यांतली दोन-तीन लक्षणं एकत्र असतील तर एकतर वजन फार खाली गेलंय, नाहीतर तुम्ही फार कमी खाताय. केस गळणं दोन-तीन महिने उशिरा दिसतं, त्यामुळे कारण मागे शोधा. पाळी सलग तीन महिने आली नाही तर डॉक्टरांकडे जाच. आमंत्रणं टाळावी लागत असतील, आजारी पडूनही व्यायाम चुकवायची भीती वाटत असेल, तर तब्येत ठणठणीत दिसली तरी ते वजन तुमच्यासाठी नाही. दोन-तीन किलो वर या आणि तिथे पुन्हा तीन महिने पाहा.

याउलट वजन स्थिर आहे, खाणं ओझं वाटत नाही, पण कंबर किंवा साखर अजून जास्त आहे, तर आणखी ४-५ टक्के उतरवा, आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास, आणि पुन्हा थांबा.

पट्टा ठरवा

एकच आकडा धरला तर निम्मे दिवस तुम्ही हरलेले असाल. स्थिरावलेल्या सरासरीच्या दोन्ही बाजूंना सुमारे ३ टक्के सोडा. ७२ किलोला ७० ते ७४, हा झाला तुमचा पट्टा. सरासरी सलग दोन आठवडे ७४ च्या वर राहिली, तर मागच्या महिन्यात काय बदललं ते पाहून तेवढंच दुरुस्त करा. ७० च्या खाली राहिली तर खाणं वाढवा. प्रयत्न न करताच वजन उतरत राहिलं तर तपासणी करून घ्या.

अठराच्या आतली मुलं, गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, तसंच खाण्याचा विकार झालेल्या व्यक्तींनी हे एकट्याने ठरवू नये. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर वजन उतरल्यावर त्यांचे डोस जास्त होऊ शकतात. ते डॉक्टरांकडून बदलून घ्या, स्वतःहून बंद करू नका. रजोनिवृत्ती, गुडघ्याची शस्त्रक्रिया, स्टेरॉइड किंवा इन्सुलिन सुरू होणं यानंतर जुना पट्टा बाजूला ठेवून थांबून पाहण्याची पायरी पुन्हा करा.