बंद पडलेल्या लॅपटॉपमधल्या फाइली काढताना या चुका टाळा

‘लॅपटॉप गेला रे, सगळे फोटो गेले!’ असा फोन नात्यातून कुणाचा ना कुणाचा येतच असतो. बहुतेक वेळा गेलेला असतो तो मदरबोर्ड, चार्जिंगचं सॉकेट नाहीतर स्क्रीन. फाइली असतात त्या डिस्कला काहीच झालेलं नसतं. तिची वाट लागते ती पुढच्या चार दिवसांत, आणि आपल्याच हातून.

म्हणून आधी नक्की काय बिघडलंय ते बघा. पंखा फिरतोय पण पडदा काळा? एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. चित्र तिकडे आलं तर काहीच उघडायची गरज नाही, थेट पेनड्राइव्ह लावून कॉपी करा. मशीन चालू होतं पण विंडोज अडकतं, असं असेल तर पेनड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजसारखीच, फुकट मिळणारी दुसरी सिस्टिम) सुरू करा. ‘इन्स्टॉल’ नव्हे, ‘ट्राय’ निवडा. फाइली तिथूनही दिसतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दुकानदाराला ‘विंडोज टाकून द्या’ एवढंच सांगणं. माझ्या मावशीच्या लॅपटॉपचं हेच झालं. दुकानदाराने सी ड्राइव्ह फॉरमॅट करून नवं विंडोज टाकलं. डी ड्राइव्ह जसाच्या तसा राहिला, पण तो रिकामाच होता. मावशीचं सगळं डेस्कटॉपवर, म्हणजे सी मध्ये. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून अशा वेळी थोडंफार तरी परत मिळतं. एसएसडीत (न फिरणाऱ्या, चिपवाल्या डिस्कमध्ये) मात्र ट्रिम नावाची सोय असते. पुसलेली जागा ती मागच्या मागे साफ करून टाकते, मग कुठलंही सॉफ्टवेअर आणा. तेव्हा मशीन दुकानात देताना ‘आतला डेटा हवाय, फॉरमॅट करायचं नाही’ हे पावतीवर लिहून घ्या.

डिस्क स्वतः काढणार असाल तर चार्जर काढा आणि मागचं झाकण उघडल्यावर पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर सोडवा. बॅटरी फुगलेली दिसली तर हात लावू नका, ते काम जाणकारालाच द्या.

काढलेली डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला यूएसबीने जोडायला बाहेरची केस किंवा केबल लागते. इथे लोक अंदाजाने ऑर्डर करतात आणि फसतात. जुन्या लॅपटॉपमध्ये पत्त्याच्या कॅटएवढी २.५ इंची साटा (जोडणीचा जुना प्रकार) डिस्क असते. तिला साटा-यूएसबी केबल पुरते, वेगळी वीज लागत नाही. नव्यांत च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम.२ डिस्क असते, बहुतेकदा २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. ती साटा असू शकते किंवा एनव्हीएमई (जोडणीचा नवा, वेगवान प्रकार), आणि दोन्हींच्या केस वेगळ्या. डिस्कवरचं लेबल वाचा. सोनेरी टोकाला दोन खाचा असतील तर बहुधा साटा, एकच असेल तर बहुधा एनव्हीएमई. दोन्ही चालणारी केस मिळते, थोडे पैसे जास्त गेले तरी तीच घ्यावी. काही स्वस्त लॅपटॉपांत आणि अलीकडच्या मॅकबुकमध्ये मात्र स्टोरेज मदरबोर्डावरच सोल्डर केलेलं असतं. तिथे काढण्यासारखं काही नसतं, बोर्ड जिवंत करणं हाच मार्ग.

डिस्क नव्या कॉम्प्युटरला जोडली की विंडोज कधीकधी विचारतं: वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करायची का? कॅन्सल. शंभर वेळा विचारलं तरी कॅन्सल. डिस्क मॅकची किंवा लिनक्सची असली, किंवा फाइल सिस्टिम (डिस्कवरची फाइलींची मांडणी) बिघडलेली असली, तरी विंडोजला ती वाचता येत नाही आणि ते फॉरमॅटचाच सल्ला देतं.

कुलपाचं चिन्ह दिसलं तर तो बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप. ‘मी कधी लावलाच नाही,’ असं सगळेच म्हणतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की अनेक लॅपटॉपांवर तो आपोआप चालू होतो. मग ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती सहसा त्याच खात्यात साठवलेली असते, मोबाइलवरून लॉग-इन करून बघता येते. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांना विचारा. की नाही मिळाली तर डेटा रिकव्हरीवालाही काही करू शकत नाही.

कुलूप नाही, पण ‘युजर्स’मधलं आपल्या नावाचं फोल्डर उघडताना परवानगी नाही असं आलं तर घाबरू नका. ‘कंटिन्यू’ दाबा आणि थांबा. फाइली हजारो असतील तर हिरवी पट्टी बराच वेळ रेंगाळते. वैतागून केबल ओढू नका. आणि कट-पेस्ट अजिबात नको, कॉपीच करा.

डॉक्युमेंट्स आणि फोटो घेतले की झालं, असंही समजू नका. टॅलीचा डेटा बहुधा टॅलीच्या फोल्डरात वेगळाच असतो. ब्राउझरचे बुकमार्क लपवलेल्या ‘अ‍ॅपडेटा’त असतात. वनड्राइव्ह वापरत असाल तर काही फाइलींची डिस्कवर फक्त नावं असतील, खरी फाइल खात्यात.

आणि आपल्याकडची खास गोम: श्रीलिपी किंवा आयएसएम या युनिकोडआधीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली जुनी मराठी पत्रं. नव्या कॉम्प्युटरवर ती उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. ‘फाइल करप्ट झाली’ म्हणून कुणी ती पुसूनही टाकतं! फाइल ठीक असते, फक्त तो फॉन्ट तिथे नसतो. जुन्या डिस्कच्या ‘विंडोज’मधल्या ‘फॉन्ट्स’मध्ये तो शोधा.

डिस्कमधून टक-टक असा आवाज येतोय? लगेच बंद करा. विंडोजमधलं डिस्क तपासणारं चेकडिस्क चालवू नका, ते दुरुस्तीच्या नादात मरत्या डिस्ककडून आणखी काम करून घेतं. फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना तोडगा विसरा, आत पाणी धरतं. झाकण उघडून बघणं त्याहून वाईट. डिस्क वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं, तिथे धुळीचा कणही डोंगराएवढा. अशी डिस्क सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

आवाज नाही, पण वाचताना अडखळते, असं असेल तर आधी डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने पूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि टेस्टडिस्क किंवा फोटोरेक (हरवलेल्या फाइली शोधणारी सॉफ्टवेअरं) त्या प्रतीवर चालवा. सापडलेल्या फाइली जुन्या डिस्कवरच सेव्ह करू नका, नाहीतर उरलेल्यांवर त्याच जाऊन बसतात.

कॉपी संपली की जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा आणि मगच नव्या कॉम्प्युटरवर दहा-बारा फाइली उघडून बघा. डिस्क जोडलेली असताना तपासलं तर आपण चुकून जुनीच फाइल उघडतो आणि सगळं आलं असं वाटतं. डिस्कवर तारीख लिहून ती दोन-तीन महिने कपाटात राहू द्या. टॅलीचं मागच्या वर्षीचं फोल्डर राहिलंय, हे आठवतं ते रिटर्न भरायच्या वेळीच.