खाज, भेगा, घामोळं: घरगुती उपाय नीट कसे करावेत

घरगुती उपाय फसतात ते बहुधा पदार्थ चुकीचा निवडल्यामुळे किंवा बरोबर पदार्थ चुकीच्या वेळी लावल्यामुळे. नैसर्गिक असलेलं सगळंच सौम्य नसतं. निरोगी त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा) ५ च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा २ च्या जवळ आणि खाण्याच्या सोड्याचा ८ च्या वर. यातलं काहीही चेहऱ्यावर चोळलं की त्वचेचं वरचं संरक्षक आवरण बिघडतं. त्यात लिंबू लावून उन्हात गेलात तर फोड येऊ शकतात आणि मागे राहिलेले काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. डाग घालवायला लिंबू लावणं म्हणूनच उलटं काम.

कोणताही नवा पदार्थ आधी कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा असा सात दिवस लावून बघा. ॲलर्जी उमटायला दोन-तीन दिवसही लागतात, त्यामुळे एका रात्रीची चाचणी पुरत नाही.

कोरड्या, खाजऱ्या त्वचेवर सगळ्यात भरवशाचा उपाय ओट्सचा. साखर किंवा स्वाद नसलेले साधे ओट्स मिक्सरमध्ये अगदी पिठासारखे दळा. चमचाभर पीठ पेलाभर पाण्यात ढवळलं की पाणी दुधाळ व्हायला हवं. पीठ लगेच तळाशी बसलं तर ते जाडसर आहे, पुन्हा दळा. बादलीभर कोमट पाण्याला ४ मोठे चमचे, टबाला १ कप. चालत्या पाण्यात थोडं थोडं भुरभुरवा, एकदम टाकलं तर गुठळ्या होतात. खाजणाऱ्या भागावर हे पाणी दहा-पंधरा मिनिटं ओतत राहा किंवा त्यात भिजवलेलं फडकं ठेवा. पाणी कढत नको. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण त्वचेतलं तेल निघून जातं आणि खाज वाढते. फरशी निसरडी होते, जपून.

नंतर अंग घासू नका, टॉवेलनं नुसतं टिपा आणि ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावा. तेल स्वतः त्वचेला पाणी देत नाही, आहे ते उडू देत नाही. सुक्या अंगावर लावलेल्या तेलाचा म्हणूनच फारसा उपयोग होत नाही. मुरुमं येणाऱ्या चेहऱ्यावर मात्र खोबरेल नको, छिद्रं बुजतात.

टाचांच्या भेगांनाही हाच न्याय: पाय १५ मिनिटं कोमट पाण्यात बुडवा, वजरीनं हलकेच घासा, टिपून जाडसर पेट्रोलियम जेली लावा आणि रात्रभर सुती मोजे घाला. ब्लेडनं कातडी कापू नका. मधुमेह असेल तर घासणंसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

घामोळ्यांना नेमकं याच्या उलट. तिथे घामाच्या वाटाच बंद झालेल्या असतात, तेल किंवा जेली लावून त्या आणखी बुजतात. थंड पाण्याचं फडकं दहा मिनिटं ठेवा, सैल सुती कपडे घाला, वारा लागू द्या.

कोरफड ताजी वापरत असाल तर पान कापून १५ मिनिटं उभं ठेवा. गळणारा पिवळा चीक अनेकांना झोंबतो. तो निघून गेल्यावर साल काढा आणि आतला गर धुऊन मगच लावा. उरलेला फ्रिजमध्ये, तोही दोन-तीन दिवसच.

मोठ्या, दुखऱ्या फोडाला गरम पाण्यात पिळलेलं फडकं दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. पिळू नका, पू आत सरकतो. टूथपेस्ट मुरुमावर नको आणि भाजल्यावर तर नकोच. भाजलेली जागा २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा, बर्फही नको.

गोल, कडेनं लाल होत पसरणारा चट्टा नायटा असू शकतो. तो बुरशीचा संसर्ग, त्याला बुरशीनाशक मलमच लागतं. घरात पडून असलेलं स्टिरॉइडचं मलम लावलं तर खाज थांबते, पण बुरशी पसरत राहते आणि पुढे निदानही अवघड होतं. लाली वेगानं पसरत असेल, ताप असेल किंवा पू येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.