कुत्र्यांचं बोर्डिंग: धुणं, वाळवणं आणि रात्रीची कडी

दिवाळीला गावी निघालेला माणूस कुत्रं आपल्याकडे सोपवायला येतो, तेव्हा आत शिरताच आधी वास घेतो. फिनेलचा वास आला की त्याचं समाधान होतं. पण वास मारणं आणि जंतू मारणं ही दोन वेगळी कामं आहेत. नाशिकला मळ्यातल्या घरामागे बोर्डिंग सुरू केलं त्या पहिल्याच वर्षी मला हे कळलं. एका पिल्लाला पार्वो, म्हणजे उलट्या-जुलाब करणारा विषाणूचा आजार झाला. घाबरून मी घाणीवरच ब्लिच ओतलं आणि खराटा मारला. आठवड्याभरात शेजारच्या खोलीतलं पिल्लू रक्ताचे जुलाब करू लागलं. सलाइनवर पाच दिवस काढून ते वाचलं.

घाण असेल तिथे ब्लिचचा जोर संपतो, म्हणून क्रम मोडू नका. आधी कुत्रं बाहेर काढा. विष्ठा आणि केस कोरडेच उचला. मग साबणाच्या पाण्याने फरशी घासा आणि भरपूर पाण्याने धुऊन काढा. लघवी राहिली आणि त्यावर ब्लिच पडलं, तर डोळ्यांना, छातीला त्रास देणारा वायू निघतो. आता बाजारात मिळणारं साधारण 5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजेच ब्लिच घ्या. एक लिटर पाण्याला 30 मिली, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला 300 मिली. फरशी 10 मिनिटं ओली राहू द्या. घाई इथेच होते, म्हणून मी मोबाइलवर गजर लावते. मग पुन्हा स्वच्छ पाणी, वायपर, आणि पूर्ण वाळल्यावरच कुत्रं आत. द्रावण रोज ताजं करा. त्यात अॅसिड किंवा दुसरा कोणताही क्लीनर कधीही मिसळू नका.

पार्वोचा विषाणू फरशीवर, मातीत कित्येक महिने टिकतो. म्हणून सफाई पिल्लांच्या खोल्यांपासून सुरू करायची आणि आजारी कुत्र्याची खोली शेवटी. त्या खोलीचा खराटा, बादली, चपला वेगळ्या. शक्यतो लाल रंगाच्या घ्या, म्हणजे मदतनीसाची चूक होणार नाही.

बांधकाम करतानाच फरशीला नालीकडे उतार द्या. नाहीतर पावसाळ्यात कोपऱ्यात पाणी साचतं, आणि उंदराच्या लघवीतून लेप्टो हा जिवाणूंचा आजार पसरायला तेवढं पुरतं. खाद्य झाकणाच्या डब्यात ठेवा, उरलेलं रात्री उचला. भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवा. गोचिडी तिथेच हजारोंनी अंडी घालतात. आपल्याकडे घरोघरी द्राक्षबागेची औषधं पडलेली असतात. कळकळीने सांगते, त्यातलं काहीही गोचिडीसाठी कुत्र्यावर किंवा खोलीत फवारू नका, जीव जातो. पशुवैद्याने सांगितलेलंच औषध वापरा.

उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी होते, वर गवत किंवा हिरवी जाळी टाका. थंडीत निफाडकडून येणारा गारठा हाडात शिरतो. फरशीपासून चार इंच उंच लाकडी फळी आणि वर कोरडं पोतं, एवढ्यानं म्हातारी कुत्री सकाळी कण्हत नाहीत.

सुरक्षिततेत सगळ्यात मोठी गोष्ट बिबट्याची. निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसाच्या पट्ट्यात तो आहे आणि कुत्रं हे त्याचं सोपं भक्ष्य. नुसती उंच भिंत पुरत नाही, छतापर्यंत जाळी हवी. दिवस मावळायच्या आत सगळी कुत्री आत, अंगणात एकही बांधलेलं नको. प्रवेशाला दोन दारं ठेवा: पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. फटाक्यांच्या रात्री बिथरलेलं कुत्रं एका उडीत रस्त्यावर पोचतं.

लसीचं कार्ड पाहिल्याशिवाय कोणाचंही कुत्रं घेऊ नका, ओळखीच्यांचंही नाही. रेबीज, डिस्टेंपर (हाही विषाणूचा जीवघेणा आजार)-पार्वो, केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला). तारखा वहीत उतरवा, शेजारी मालकाचा आणि पशुवैद्याचा फोन नंबर लिहा. रात्री दहाला बॅटरी घेऊन प्रत्येक खोलीसमोर उभं राहा: पाण्याचं भांडं भरलंय का, कोण खोकतंय, कोणाचं ताट तसंच आहे. मग प्रत्येक कडी हाताने ओढून पाहा.