बायनॉक्युलरमधून एक्स-रे पल्सारचा जोडीदार कसा शोधायचा

पल्सार, म्हणजे स्वतःभोवती फिरत ठराविक लयीत चमकणारा मेलेला तारा, तो स्वतः दिसणार नाय हे आधीच सांगून टाकतो. एक्स-रे वातावरणातच अडकतात, म्हणून तर 1970 ला उहुरू उपग्रह वर पाठवला आणि 2015 ला आपला अ‍ॅस्ट्रोसॅट. पण जोडीतला दुसरा तारा, ज्याचा वायू हा पल्सार ओढून घेतो, तो साध्या 10 बाय 50 बायनॉक्युलरमधून दिसतो. नाव एक्स पर्सेई.

डिसेंबरात रात्री साडेदहाला तो जवळजवळ डोक्यावर, थोडा उत्तरेला असतो. अमावस्येच्या आसपासची रात्र धरा. आमच्या गोव्यातल्या पेडण्यात टेरेसवरून मस्त जमतं, कळंगुटच्या लायटीत वैताग येईल. उभ्याने बघू नका, मान जाते, चटई टाकून आडवे व्हा आणि कोपरं छातीला टेकवा, नायतर तारे नाचतात.

आधी कृत्तिकेचा पुंजका. तिथून उत्तरेला, हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोडं कमी गेलात की ठळक तारा येतो, तो झीटा पर्सेई. शेजारी जरा मंद ऑमिक्रॉन आहे, मी पहिल्या दोन रात्री त्यालाच झीटा समजून भलताच ठिपका बघत बसलेलो. आता झीटापासून परत कृत्तिकेच्या बाजूला पाऊण-एक अंश सरका, पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी ठेवले तर त्याहून जरा कमीच. तिथे सहा-सात प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तर तारा मंद) तारा दिसेल, तोच. खात्रीसाठी एएव्हीएसओ, म्हणजे चमक बदलणारे तारे बघणाऱ्यांची संघटना, तिच्या साईटवरून चार्ट काढा, कारण याची चमक कमीजास्त होते.

ती का होते तर हा तारा इतका गरगर फिरतो की कंबरेतून वायू सुटून भोवती चकती बनते, ती कधी जाड कधी गायब. त्यातला थोडा वायू जोडीदार न्यूट्रॉन ताऱ्याकडे, म्हणजे आपल्या पल्सारकडे जातो, जेमतेम 20 किलोमीटर रुंद आणि वजनाला सूर्यापेक्षा जास्त, आणि चुंबकीय क्षेत्र तो वायू ध्रुवांवर नेऊन आपटतं, तिथे एक्स-रे निघतात. ध्रुव फिरून आपल्याकडे आला की चमक. 1971 ला सापडलेला पहिला एक्स-रे पल्सार सेंटॉरस एक्स-3, त्याची गिरकी 4.8 सेकंदांची, आमच्या या ध्यानाला 14 मिनिटं लागतात, तेवढ्यात तुमचा चहा होतो.

तारीख, वेळ, अंदाजे प्रत वहीत लिहा. जोडीची एक फेरी 250 दिवसांची, म्हणजे डिसेंबरात सुरू केलंत तर ती पुरी होईल ऑगस्टाच्या आसपास, आणि तेव्हा गोव्यात वर बघून फक्त ढग दिसणार, त्यामुळे पुढची नोंद ऑक्टोबरात, तीही मध्यरात्री उठून.