रेसच्या घोडीला अरबी घोडा निवडताना

पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरून उतरलेली थरोब्रेड घोडी मोहोळ, बार्शी, माळशिरसकडे कुणी आणली की काही दिवसांत मला फोन येतो, "दफेदार, हिला अरबी घोडा दाखवायचाय, म्हणजे त्याच्याकडून भरवायचीय, कुठला दाखवू?" माझी उमेद लष्कराच्या रिमाउंट खात्यात, म्हणजे लष्करासाठी घोडी-खेचरं तयार करणाऱ्या खात्यात गेली आणि आता गावाकडे घोडीच सांभाळतो, म्हणून लोक विचारतात. मी मात्र आधी घोडीबद्दल विचारतो. तिला सपाट जागेवर उभी करा, चारी बाजूंनी बघा आणि तिच्यात काय उणं आहे ते मला सांगा. त्या उणिवेवरूनच घोडा ठरतो.

दुसरा प्रश्न, शिंगरू कशासाठी हवंय? अकलूजच्या घोडेबाजारात चांगली किंमत यावी, लग्नाच्या वरातीत नाचावं, रेवाल (झुलती, आरामाची) चाल असावी, असं मनात असेल तर हा संकर करूच नका. तिथलं गिऱ्हाईक मारवाडी-काठेवाडी बघतं, वळलेले कान बघतं, देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) शोधतं. अरबी घोड्याचे कान लहान आणि सरळ, चाल साधी. पण लांब पल्ल्याची रपेट, एंड्युरन्स (लांब अंतराच्या शर्यती), थोडं जंपिंग, उन्हात न थकणारा सवारीचा घोडा हवा असेल, तर थरोब्रेड घोडी आणि अरबी घोडा ही जुनी, पारखलेली जोडी आहे. फ्रान्समध्ये पाँपादूरच्या सरकारी पागेत एकोणिसाव्या शतकात मसूद आणि अस्लान या पूर्वेकडून आणलेल्या घोड्यांना इंग्लिश थरोब्रेड घोड्या दिल्या, आणि त्यातून फ्रेंच अँग्लो-अरब ही जात उभी राहिली. आपल्या भीमथडीच्या तट्टांमध्येही अरबी रक्त आहे असं जुनी माणसं सांगत आली आहेत.

आता उंची. घोडी सोळा हात आणि अरबी घोडा जेमतेम पंधरा, हे बघून लोक बिचकतात. बिचकू नका. अरबी घोडा साधारण १४.१ ते १५.१ हातांचाच असतो, आणि एक हात म्हणजे ४ इंच, टिंबापुढचा आकडा वरच्या इंचांचा. शिंगराचा जन्मतःचा आकार आईच्या गर्भाशयावर मोठ्या प्रमाणात ठरतो. १९३८ मध्ये वॉल्टन आणि हॅमंड यांनी थोराड शायर आणि बुटक्या शेटलंड घोड्यांचा दोन्ही बाजूंनी संकर करून हेच दाखवलं होतं. म्हणून मोठी आई आणि लहान बाप हा मेळ बाळंतपणालाही सोपा जातो. केवळ उंचीसाठी १५.३ हातांचा अरबी शोधत बसलात, तर त्या उंचीच्या नादात पाय आणि पाठ बघायची राहून जाईल.

घोडा बघायला खालून सुरुवात करा. लोक तोंडापासून सुरू करतात, कारण अरबीचं तोंड देखणं: नाकाडावर खोलगट, डोळे मोठे, नाकपुड्या रुंद. फोटोतही तेवढंच दिसतं. पण रेसच्या घोडीचं दुखणं बहुधा खुरात असतं. खुराची भिंत पातळ, तळवा सपाट, टाच खचलेली. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात टणक होऊन भेगाळते, पावसाळ्यात तोच चिखल खुराला धरून बसतो. नाल निसटली की अशा घोडीच्या खुराची कड तुटते आणि नालबंदाला खिळा मारायला जागा उरत नाही. म्हणून अरबी घोड्याचा प्रत्येक पाय उचलून बघा. तळव्याला खोलगटपणा हवा, टाच रुंद हवी, पुढच्या दोन्ही खुरांचा आकार सारखा हवा. नालबंदाला सोबत नेता आलं तर उत्तमच. घोडा बिननालाचा कडक जमिनीवर चालत असेल तर त्याच्या बाजूने ती मोठी साक्ष आहे.

मग पाय. गुडघ्याखालचं हाड भरीव, सांधे कोरडे, गुडघा मागे झुकलेला नको. तुमची घोडी पायाच्या शिरेच्या (टेंडनच्या) दुखापतीमुळे रेसमधून बाद झाली असेल तर इथे अजिबात तडजोड करू नका. मोतद्दाराला (घोडा सांभाळणाऱ्याला) सांगा, घोडा कडक रस्त्यावर सरळ समोर ने आणि परत आण, आधी चालत, मग दुडक्या चालीत. तुम्ही एकदा मागे उभे राहा, एकदा समोर. पाय आत-बाहेर फेकतो का, डोकं खालीवर होतं का, ते बघा. पाठ आखूड आणि भक्कम असावी. पुठ्ठा (कमरेमागचा भाग) अरबीचा सपाटच असतो, पण जंपिंगचा विचार असेल तर थोडा उतरता पुठ्ठा घ्या. दातांचा चावा जुळतो का, दोन्ही अंड खाली उतरलेले आहेत का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्या. एकच अंड उतरलेला घोडा कितीही सुंदर असला तरी नको.

दम मोजायला हातात घड्याळ पुरतं. अर्धा तास चांगली दुडकी-दौड करून घ्या, मग खोगीर काढून सावलीत उभा करा. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते, आणि एंड्युरन्सच्या तपासणीत ६४ च्या आत यावी लागते. तयारीत असलेल्या घोड्याची नाडी दहा मिनिटांत त्याखाली यायला हवी. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो. शिंगराला इथेच राहायचंय, तर बापाचा हा गुण मला बाकी सगळ्याहून मोलाचा वाटतो.

स्वभावही तितकाच बघा. रेसची घोडी आधीच तापट, दचकणारी. तिला तसाच घोडा दिला तर शिंगरू सवारीला अवघड होतं. घोड्याच्या समोरून दुसरी घोडी न्यायला सांगा. तो खिंकाळणारच, मान उंचावणारच, पण मोतद्दाराचा शब्द ऐकून थांबतो का, ते पाहा.

अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांबद्दल लोक हमखास विचारतात. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी बघावेत, पण भोवऱ्याने लंगडेपणा कळत नाही आणि टळतही नाही. रंगाचं सांगतो. करडा, ज्याला आपण सबजा म्हणतो, तो रंग प्रबळ असतो. घोड्याकडे त्याच्या दोन प्रती असतील तर त्याची सगळी शिंगरं करडीच होतात. जन्मतः ती गडद असतात आणि वर्षांगणिक पांढरी पडत जातात. अशा घोड्यांना म्हातारपणी शेपटीखाली काळ्या गाठी होण्याचं प्रमाण बरंच असतं, तेव्हा त्या घोड्याची शेपूट उचलूनही बघा.

त्याची आधीची शिंगरं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. त्यातही थरोब्रेड घोड्यांपासून झालेली. तीन-चार शिंगरं वेगवेगळ्या आयांची असून सगळ्यांचे खूर चांगले असतील, तर तो गुण घोडा देतो असं समजा.

रक्ताच्या चाचण्या मागा. अरबी वंशात एससीआयडी, सेरेबेलर अबायोट्रॉफी (लहान मेंदूच्या बिघाडाने तोल जाणं) आणि लॅव्हेंडर फोल सिंड्रोम (फिकट रंगाचं, झटके येणारं शिंगरू) हे आनुवंशिक दोष आढळतात. एससीआयडीचं शिंगरू रोगप्रतिकारशक्तीशिवाय जन्मतं आणि साधारण ५ महिन्यांच्या आत जातं. हे दोष आई-बाप दोघांकडून आले तरच आजार होतो, त्यामुळे शुद्ध थरोब्रेड घोडीच्या पहिल्या पिढीला सहसा धोका नाही. पण बाप वाहक असेल तर शिंगराकडे दोष जाण्याची शक्यता निम्मी. पुढे त्या मादी शिंगराला पुन्हा अरबी घोडा दाखवलात तर तोच दोष समोर येऊ शकतो. आणि ग्लँडर्स हा संसर्गजन्य रोग नसल्याचा ताजा दाखला दोन्हीकडून हवाच. हा रोग माणसालाही होतो, जनावरावर त्याचा इलाज करत नाहीत, बाधित जनावर कायद्याने मारावं लागतं.

हे शिंगरू थरोब्रेडच्या स्टड बुकात (वंशनोंदवहीत) नोंदलं जाणार नाही, हे आधीच समजून घ्या. त्यात एक सोयही आहे. रेसच्या घोड्याचं वय १ जानेवारीपासून मोजतात, म्हणून तिकडे लवकर वीण घ्यायची घाई असते. तुम्हाला ती नाही. गाभणकाळ सुमारे ११ महिन्यांचा. जूनमध्ये घोडी भरवलीत तर ती ऐन मेच्या उन्हात व्यायला येईल. मी फेब्रुवारी पसंत करतो, म्हणजे शिंगरू जानेवारीच्या थंडीत उभं राहतं आणि उन्हाळ्याआधी अंग धरतं.

घोडी नेण्याआधी डॉक्टरांकडून तिचं गर्भाशय तपासा. रेसच्या घोड्यांना हवा आत जाऊ नये म्हणून योनीला वरून बऱ्याचदा टाके घातलेले असतात. ते भरवण्याआधी उघडावे लागतात, नाहीतर फाटतं. माज ५ ते ७ दिवस राहतो आणि बीज शेवटच्या एक-दोन दिवसांत सुटतं, म्हणून सोनोग्राफी करूनच दिवस ठरवा. भरवल्यावर १४व्या ते १६व्या दिवशी सोनोग्राफी हवीच, ती तारीख डॉक्टरांकडे आधीच धरून ठेवा. थरोब्रेड घोड्यांत जुळं बऱ्याचदा धरतं आणि बहुतेक वेळा दोन्ही गर्भ जातात. या दिवसांत दोन दिसले तर एक हाताने दाबून काढता येतो, १६व्या दिवसानंतर ते अवघड होत जातं. पुढची तपासणी २८व्या दिवसाच्या आसपास, तेव्हा गर्भाच्या हृदयाचे ठोके पडद्यावर दिसतात. घोडामालकाला ठरलेल्या रकमेतली निम्मी त्यानंतर द्यायची, असं आधी कागदावर लिहून घ्या.