आरोग्यसंवाद गटाचं निमंत्रकपद घेताय? आधी सभेची वेळ छापून घ्या

वार्षिक अधिवेशनाच्या कार्यक्रमपत्रिकेत आपल्या गटाच्या सभेची वेळ आणि खोली छापून घ्या. हे मी पुढे अजून तीनचारदा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा. चर्चासत्राची वेळ नव्हे, सभेची, जिथे पुढचा निमंत्रक निवडतात. चर्चासत्र कुणी विसरत नाही. एका अभ्यासक-परिषदेच्या आरोग्यसंवाद गटाची मी दोन वर्षं निमंत्रक होते. दुसऱ्या वर्षी निबंध छान आले, खुर्च्या कमी पडल्या, आणि सभा पत्रिकेत कुठेच नव्हती. शेवटी पाचजण चहाच्या टेबलाशी उभे राहिलो, पुढच्या निमंत्रकाचं नाव ठरवलं, टाळ्याही वाजवल्या. कार्यकारिणीनं विचारलं: नोटीस? सह्या? इतिवृत्त? काहीच नव्हतं. निवड बाद झाली, गट वर्षभर निर्नायकी राहिला, आणि पुढच्या अधिवेशनात आमचं सत्र माध्यमांच्या सत्राच्या शेपटाला बांधलं गेलं.

तर सुरुवातीपासून. परिषदेची घटना आणि नियमावली वाचा, अर्धा तास लागतो. नोंदणी मातृसंस्थेची, म्हणजे परिषदेची असते, गटाची नाही. त्यामुळे स्वतःचं बँक खातं विसरा, पैसा कोषाध्यक्षांकडूनच येणार. नियमावलीत तीन गोष्टी शोधा: गणपूर्ती किती (म्हणजे सभेला किमान किती सभासद हजर हवेत), नोटीस किती दिवस आधी, निमंत्रकाची मुदत किती. मग कार्यालयातून वर्गणी भरलेल्या सभासदांची यादी घ्या. व्हॉट्सॲप गटात असलेला प्रत्येकजण सभासद नसतो, आणि मत सभासदालाच असतं.

विषय बारीक ठेवा. ‘आव्हाने आणि संधी’ असं शीर्षक दिलंत तर जुनेच निबंध नव्या तारखेनं येतील. आम्ही सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घेतला होता, विदर्भातल्या कामामुळे, आणि तो विषय फळला. नवराबायको दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतःला आजार नसला तरी त्याचं एकेक जनुक दोघांकडे असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. हे कागदावर सोपं आहे. ऐकणारा मात्र ‘चारांत एक’ असं मनात धरतो आणि हिशोब करतो की पहिलं मूल आजारी निघालं, म्हणजे पुढची तीन सुटली. ‘प्रत्येक खेपेला नव्यानं तेवढीच’ हे कसं सांगायचं? चिठ्ठ्या टाकून, की नाणी उडवून? आणि लग्न ठरायचं असलेल्या मुलीच्या घरी ‘वाहक’ म्हणजे ‘रुग्ण’ नव्हे, हे कुणी सांगायचं, कुणासमोर? संवाद इथे सुरू होतो. ‘माहिती देण्यात आली’ असं लिहून थांबणारा निबंध परत पाठवा, लिहिणारे कितीही मोठे डॉक्टर असोत.

परीक्षक दोन नेमा, एक वैद्यकातला आणि एक माध्यमांतला. पहिल्याला रुग्णसंख्येचा तक्ता म्हणजेच संवाद वाटतो. दुसरा बातम्यांचे मथळे मोजतो, पण बातमीतला औषधाचा डोस बरोबर आहे का, ते बघत नाही.

फोटोंबद्दल कडक राहा. रुग्णाची लेखी संमती हवीच. डोळ्यांवर काळी पट्टी ओढून भागत नाही. गाव माणसाला दारावरच्या तोरणावरूनही ओळखतं. एचआयव्हीबाबत तर २०१७चा कायदाच आहे. नीतिसमितीची मंजुरी निबंधासोबतच मागा. नंतर मागितली की लोक दुखावतात.

आशाताईंना, म्हणजे गावोगावच्या आशा स्वयंसेविकांना, वक्त्या म्हणून बोलवा, नमुना म्हणून नव्हे. तारीख पक्की करण्याआधी त्यांना विचारा. लसीकरणाचं सत्र किंवा पोलिओचा रविवार असेल तर त्या येऊ शकणार नाहीत, आणि दोष आपला. २००५पासून ही योजना चालू आहे, तरी अजून त्यांच्या मिळकतीतला बराच भाग कामागणिक मिळतो. त्यांचा दिवस मोडला की पैसे बुडतात. म्हणून प्रवासखर्च आणि मानधन त्याच दिवशी, पाकिटात. ‘बिलं पाठवा, बघतो’ हे प्राध्यापकांना सांगा.

आता पुन्हा सभा. कार्यक्रमपत्रिका करणाऱ्यांना फोन करू नका, लेखी कळवा. ‘जेवणाच्या सुट्टीत उरकून घ्या ना’ म्हणतील. नाही म्हणा, मी हो म्हटलं होतं. ‘शेवटच्या दिवशी संध्याकाळी’ म्हणतील. तेही नको, दुपारनंतर लोक बॅगा घेऊन स्टँडवर असतात. आपलं चर्चासत्र संपताच, त्याच खोलीत, पाऊण तास, बस्स. मग प्रूफ मागवा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. माझ्या वेळी ‘घातलंय मॅडम’ असं तोंडी उत्तर आलं, आणि मी प्रूफ बघितलंच नाही.

नोटिशीत विषय क्रमानं: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्च, निमंत्रकाची निवड, ऐन वेळी येणारे विषय. नियमात बसत असेल तर ते सोसायटीच्या फळ्यावरचं वाक्यही घाला: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल. हसू येतं खरं, पण हेच वाक्य तारून नेतं.

त्या दिवशी माईक, पाणी, घंटा, पेनड्राइव्ह हे तुम्हाला ठाऊक आहे. सह्यांसाठी बांधीव वही न्या, सुटे कागद नकोत. सूचक आणि अनुमोदक यांची नावं तिथल्या तिथे लिहा.

नंतरचं थोडक्यात. आठ दिवसांत इतिवृत्त. पाच हजारांवरच्या पावतीला रेव्हेन्यू स्टँप, नाहीतर कोषाध्यक्ष परत पाठवतात. प्रमाणपत्रांवरची नावं तपासा. आभाराची पत्रं, जमलं तर. गटाच्या ईमेलचा पासवर्ड नव्या निमंत्रकाला द्या, म्हणजे नवा निमंत्रक निवडला गेला असेल तर. प्रूफ आलं का? त्यात सभा दिसतेय का? खोली क्रमांकासकट?