स्पिनोझा वाचायचाय? मग पहिलं पान सोडा

मी निवृत्त गणित शिक्षिका, राहते कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या जवळच. स्पिनोझा हा सतराव्या शतकातला डच तत्त्वज्ञ. त्याचं 'एथिक्स' हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलेले बहुतेक जण आठ व्याख्या आणि सात स्वयंसिद्धांतच (सिद्धतेशिवाय मानून घेतलेल्या विधानांतच) दमतात. मांडणी युक्लिडच्या भूमितीची: विधान, सिद्धता, उपसिद्धांत. मला ती गोड लागते, पण सगळ्यांना कशी लागेल?

तिसरा भाग उघडा आणि थेट शेवटाकडं जा. तिथं 48 भावनांच्या व्याख्या ओळीनं आहेत. वही घ्या, डावीकडं व्याख्या, उजवीकडं स्वतःचा अनुभव. इच्छा, आनंद, दुःख या तीन मूळ भावना, बाकीच्या यांच्यातूनच निघतात. प्रेम म्हणजे आनंद, आणि त्यासोबत बाहेरच्या कारणाची कल्पना. संपलं! लग्नाळू पोरांना हे रुचायचं नाही.

माझ्या वहीत सगळ्यात जास्त भरली ती भीती. पुढं काय होणार याची शंका असलेल्या गोष्टीच्या कल्पनेतून येणारं डळमळीत दुःख, ती भीती. आशाही तशीच, फक्त आनंदाची. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला टेकलं, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचा मेसेज आला, की आमच्या गल्लीत दोन्ही एकदम सुरू. 43 ची धोका पातळी ओलांडली की शंका मिटते आणि माणसं गुमान सामान माळ्यावर चढवायला लागतात. शंका गेली की भीतीची निराशा होते, असं स्पिनोझा म्हणतो. मला अर्धंच पटतं. पिंप उचलणारा माणूस निराश दिसत नाही. असं न पटलेलंही वहीत लिहाच.

मग पहिल्या भागाचं परिशिष्ट. छपरावरून दगड पडून माणूस मरतो; लोक 'का, का' विचारत शेवटी देवाच्या इच्छेपाशी येतात. स्पिनोझा त्याला अज्ञानाचा आसरा म्हणतो. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, तेव्हा 'कोप झाला' म्हणणारे इथंही होतेच. स्पिनोझाचा देव कोपत नाही, प्रसन्नही होत नाही. देव म्हणजेच निसर्ग. ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजानं 1656 मध्ये, 23 व्या वर्षी, त्याला बहिष्कृत केलं. हे पुस्तक छापलं गेलं 1677 ला, तो वारल्यावर.

चौथ्या भागातलं सातवं विधान चुकवू नका: भावनेला आवर घालते ती उलटी आणि जास्त जोरकस भावनाच. म्हणजे 'काळजी करू नकोस' हा सल्ला फुकट.

आता पहिलं पान. विधान आणि खालची टीप वाचा, सिद्धता दुसऱ्या फेरीला. तेव्हा मात्र मागच्या विधानाचा क्रमांक आला की तिथं जाऊन या. छापील प्रतच घ्या, पानात बोट अडकवून ठेवता येतं.